३,३५,५०,३३६ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीन कोटी पस्तीस लाख पन्नास हजार तीनशे छत्तीस ही पाचवी परिपूर्ण संख्या आहे. ६, २८, ४९६ आणि ८१२८ या पहिल्या चार पुष्कळांना पाठ असतात. पाचवी मात्र यादीत वाचून पुढे जायची सवय असते. ती आठच अंकी आहे आणि कागद-पेन्सिलीने पूर्ण उलगडता येते, म्हणून ती एकदा तरी स्वतः सोडवून पाहावी.

पुढची उत्तरे वाचताना एक भेद मनात ठेवा. या संख्येचे काही गुण तिच्या घडणीतून आले आहेत आणि काही केवळ आपण ती दशमान पद्धतीत लिहितो म्हणून दिसतात. अंकांच्या बेरजेवरून लावलेली बिरुदे दुसऱ्या प्रकारची. ती रंजक असतात, पण पाया बदलला की गळून पडतात.

परिपूर्ण संख्या म्हणजे काय? शाळेतली ‘पूर्ण संख्या’ ती हीच का?

नाही, आणि हा घोळ नेहमी होतो. शाळेच्या पुस्तकात ०, १, २, ३… यांना पूर्ण संख्या म्हणतात. परिपूर्ण संख्या ही वेगळी संज्ञा आहे. संख्येचे स्वतःखेरीज सगळे विभाजक घ्या. त्यांची बेरीज त्याच संख्येइतकी झाली तर ती परिपूर्ण. २८ चे असे विभाजक १, २, ४, ७, १४ आणि त्यांची बेरीज २८. बेरीज कमी पडली तर संख्या न्यून आणि जास्त झाली तर विपुल.

या संख्येचे मूळ अवयव कोणते? विभाजक किती?

३,३५,५०,३३६ = ४०९६ × ८१९१. यातला ४०९६ म्हणजे २ चा बारावा घात आणि ८१९१ ही मूळ संख्या, म्हणजे २ चा तेरावा घात वजा १. विभाजकांची संख्या (१२ + १) × (१ + १) = २६.

त्यांचे दोन सरळ गट पडतात. पहिला १ पासून ४०९६ पर्यंत दुप्पट होत जाणारा: १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६, ५१२, १०२४, २०४८, ४०९६. दुसरा ८१९१ पासून तसाच दुप्पट होणारा: ८१९१, १६,३८२, ३२,७६४, ६५,५२८, १,३१,०५६, २,६२,११२, ५,२४,२२४, १०,४८,४४८, २०,९६,८९६, ४१,९३,७९२, ८३,८७,५८४, १,६७,७५,१६८ आणि शेवटी ती संख्या स्वतः. प्रत्येक गटात १३ विभाजक आहेत.

ही बेरीज कॅल्क्युलेटरशिवाय कशी करायची?

लहान विभाजकापासून सुरुवात करून बेरीज चढवत जा. १ + २ = ३, त्यात ४ मिळवून ७, मग १५, ३१, ६३… २ च्या घातांची बेरीज दर वेळी पुढच्या घातापेक्षा बरोबर एकाने कमी असते. ४०९६ मिळवल्यावर ८१९१ होतात. पुढचा घात ८१९२ असता, पण तो या संख्येचा विभाजक नाही. त्याच्या जागी नेमका एकाने कमी असलेला ८१९१ उभा आहे. म्हणजे आतापर्यंतची बेरीज ८१९१ आणि पुढचा विभाजकही ८१९१.

इथून प्रत्येक पायरीवर तेच घडते. ८१९१ + ८१९१ = १६,३८२ आणि पुढचा विभाजक १६,३८२. त्यांची बेरीज ३२,७६४ आणि पुढचा विभाजक ३२,७६४. असे करत शेवटी १,६७,७५,१६८ + १,६७,७५,१६८ = ३,३५,५०,३३६. सम परिपूर्ण संख्यांचे सगळे रहस्य त्या ‘एकाने कमी’ मध्ये आहे. सूत्र पाठ करण्यापूर्वी ही बेरीज एकदा हाताने करावी.

प्रोग्रॅम लिहिला, पण उत्तर वेगळे येते. कुठे चुकते?

आलेल्या आकड्यावरूनच बहुधा चूक ओळखता येते.

६,७१,००,६७२ आले तर संख्या स्वतःही बेरजेत धरली गेली आहे. सगळ्या २६ विभाजकांची बेरीज तेवढीच, म्हणजे बरोबर दुप्पट असते.

३,३५,५०,३३५ आले तर लूप १ ऐवजी २ पासून सुरू केला आणि १ वेगळा मिळवायचा राहिला.

नुसते ८१९१ आले तर लूप वर्गमुळापर्यंत नेला, पण प्रत्येक विभाजकाचा जोडीदार मिळवला नाही. या संख्येचे वर्गमूळ ५७९२ आणि ५७९३ च्या मध्ये आहे, त्यामुळे त्याच्या आत फक्त २ चे घात सापडतात. ८१९१ आणि त्याच्या पटी सगळ्या पलीकडे राहतात.

३,३५,४६,२४० हे उत्तर हाताने यादी करणाऱ्यांचे: २०४८ वर थांबून ४०९६ विसरला. ३,३५,४२,१४५ आले तर पहिला गट पूर्णच गळला.

योग्य रीत अशी: १ ते ५७९२ पर्यंत प्रत्येक संख्येने भागून पाहा. बाकी शून्य आली तर ती संख्या आणि भागाकार दोन्ही बेरजेत घ्या. शेवटी जिची तपासणी चालू आहे ती संख्या एकदा वजा करा. ही संख्या पूर्ण वर्ग नसल्यामुळे एकच विभाजक दोनदा मोजला जाण्याचा धोका इथे नाही, पण तोच प्रोग्रॅम ३६ साठी चालवला तर ६ दोनदा धरला जाईल, तेव्हा ती अट लिहून ठेवा. निम्म्या संख्येपर्यंत, म्हणजे १,६७,७५,१६८ वेळा भागाकार करूनही उत्तर बरोबर येते, पण ५७९२ भागाकारांत होणारे काम तेवढे लांबवण्याचे कारण नाही.

८१९१ मूळ आहे हे कसे तपासायचे?

सरधोपट मार्गाने ८९ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागावे लागेल, कारण ८१९१ चे वर्गमूळ ९० पेक्षा थोडे जास्त आहे. अशा मूळ संख्या २४ आहेत. पण एक आडवाट आहे. २ चा तेरावा घात वजा १ याला एखादी मूळ संख्या भागत असेल, तर त्या संख्येने २ चा तेरावा घात भागला की बाकी १ उरते. १३ मूळ असल्याने त्याआधीच्या कोणत्याही घाताला बाकी १ येत नाही. म्हणून ती मूळ संख्या वजा १ ला १३ ने भाग जावाच लागतो. ती विषम असल्याने २६ नेही भाग जातो. म्हणजे उमेदवार २६ च्या पटीपेक्षा एकाने जास्त: २७, ५३, ७९. यातली २७ मूळ नाही. ८१९१ ला ५३ ने भागले तर बाकी २९ आणि ७९ ने भागले तर बाकी ५४. चोवीस भागाकारांचे काम दोनात झाले आणि ८१९१ मूळ ठरली.

जाता जाता: ८१९१ म्हणजे ९० चा वर्ग + ९० + १. द्विमान पद्धतीत ती तेरा वेळा १ लिहून मिळते, तशी ९० पायाच्या पद्धतीत १११ अशी. दोन वेगवेगळ्या पायांत, निदान तीन अंकी, नुसत्या एकांनी लिहिता येणाऱ्या संख्या आजवर दोनच सापडल्या आहेत: ३१ आणि ८१९१.

८१२८ नंतर थेट साडेतीन कोटींच्या घरात? मध्ये काहीच का नाही?

युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास रीत दिली ती अशी: २ चा एखादा घात वजा १ मूळ आला, तर त्याला आधीच्या घाताने गुणा, परिपूर्ण संख्या मिळते. घातांक २, ३, ५, ७ घेतले की पहिल्या चार मिळतात. वजा १ करून येणारी संख्या मूळ असायची तर घातांकही मूळच लागतो. ९ चालत नाही, कारण ५११ = ७ × ७३. म्हणून २५६ × ५११ = १,३०,८१६ बाद. जुन्या काही लेखकांनी हिला चुकून परिपूर्ण म्हटले होते.

नंतरचा घातांक ११ मूळ आहे, पण तो दगा देतो: २०४७ = २३ × ८९. १०२४ × २०४७ = २०,९६,१२८ या संख्येच्या विभाजकांची, स्वतः सोडून, बेरीज २३,२५,३९२ येते. म्हणजे ती विपुल निघते. ‘घातांक मूळ म्हणजे परिपूर्ण संख्या हमखास’ हा समज इथेच मोडतो. मूळ घातांकाची अट आवश्यक आहे, पुरेशी नाही. ११ हुकला म्हणून पुढची पाळी १३ ची, आणि तिथे ही संख्या बसली आहे.

ही संख्या कोणी शोधली?

एका नावावर टाकता येत नाही. इसवी सन १०० च्या सुमारास ग्रीक गणिती निकोमाकसला चार माहीत होत्या. त्यावरून त्याने दोन विधाने केली: एक अंकी एक, दोन अंकी एक, तीन अंकी एक अशी प्रत्येक लांबीची एकेक परिपूर्ण संख्या असते आणि शेवटचा अंक आलटून पालटून ६ व ८ येतो. पाचवी आठ अंकी निघाल्याने पहिले विधान पडले. सहावीच्याही शेवटी ६ च आला आणि दुसरे पडले.

तेराव्या शतकातल्या इब्न फल्लूस या गणितीने दहा संख्यांची यादी दिली होती, त्यांतल्या पहिल्या सात बरोबर आहेत. म्हणजे पाचवी त्याच्याकडे होती. युरोपात ती पंधराव्या शतकाच्या मध्यातल्या एका निनावी हस्तलिखितात दिसते. १५३६ मध्ये हुडालरिकस रेजियसने २०४७ चे अवयव दाखवले आणि ही संख्याही दिली. सहावी आणि सातवी युरोपात १५८८ मध्ये इटलीच्या कातालदीने शोधल्या.

शेवटी ६ च का येतो? आणि अंकांची बेरीज करत गेलो की १ का उरतो?

४०९६ चा शेवट ६, ८१९१ चा शेवट १, गुणाकाराचा शेवट ६. घातांकाला ४ ने भागून १ उरत असेल (५, १३, १७) तर ६ येतो. ३ उरत असेल (३, ७, १९) तर शेवटचे दोन अंक २८ येतात.

अंकांची बेरीज ३+३+५+५+०+३+३+६ = २८, मग १०, मग १. पहिली परिपूर्ण संख्या ६ सोडली तर सगळ्या सम परिपूर्ण संख्यांना ९ ने भागल्यावर १ च उरतो. पाठांतरात एखादा अंक चुकला का हे पाहायला ही चाचणी बरी. अंकांची अदलाबदल झाली असेल तर मात्र ती पकडत नाही.

ती त्रिकोणी संख्या आहे का? आणखी कोणत्या आकारात बसते?

१ पासून ८१९१ पर्यंत सगळ्या संख्यांची बेरीज म्हणजेच ही संख्या: ८१९१ × ८१९२ ÷ २. त्रिकोणी संख्येची परीक्षा आठ पट करून १ मिळवण्याची. इथे २६,८४,०२,६८९ येतात आणि तो १६,३८३ चा वर्ग आहे. ती षट्कोनीही आहे, ४०९६ वी.

सगळ्यात देखणे रूप घनांचे. पहिल्या ६४ विषम संख्यांचे घन, म्हणजे १ चा घन + ३ चा घन + ५ चा घन… १२७ च्या घनापर्यंत, मिळवले की हीच संख्या येते. पहिल्या न विषम संख्यांच्या घनांची बेरीज ‘न चा वर्ग × (न च्या वर्गाची दुप्पट वजा १)’ असते. न = ६४ घ्या: ४०९६ × ८१९१.

ती दोन किंवा तीन वर्गांची बेरीज होऊ शकते का?

नाही, आणि ‘सापडत नाही’ एवढ्यावर न थांबता कारण देता येते. ८१९१ ला ४ ने भागून ३ उरतात आणि ती अवयवांत एकदाच येते, म्हणून दोन वर्ग अशक्य. ४०९६ हा ४ चा सहावा घात आहे आणि ८१९१ ला ८ ने भागून ७ उरतात. या बांधणीची संख्या तीन वर्गांतही मावत नाही. चार वर्ग मात्र कोणत्याही संख्येला पुरतात, आणि इथे ते सुबक येतात: ८१९१ = ९० चा वर्ग + ९ चा वर्ग + ३ चा वर्ग + १ चा वर्ग. चौघांना ६४ ने गुणा: ५७६०, ५७६, १९२ आणि ६४. त्यांचे वर्ग ३,३१,७७,६००; ३,३१,७७६; ३६,८६४; ४०९६. बेरीज करून पाहा.

हर्षद संख्या, स्वयंभू संख्या, कापरेकर संख्या: यांपैकी काही लागू आहे का?

या तिन्ही कल्पना देवळालीला शिक्षकी करणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांच्या (१९०५–१९८६). त्या ताडून पाहणे योग्यच, आणि तिसऱ्या उत्तरात खरी गंमत आहे.

हर्षद संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो. इथे बेरीज २८. भागून पाहिले तर बाकी ८. म्हणून हर्षद नाही. बेरीज स्वतः एक परिपूर्ण संख्या आली हा दशमान पद्धतीतला योगायोग.

स्वयंभू संख्या म्हणजे जी दुसऱ्या कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून तयार होत नाही. आपली संख्या तशी तयार होते: ३,३५,५०,३१३ च्या अंकांची बेरीज २३, आणि दोन्ही मिळून ३,३५,५०,३३६. असा जनक एवढा एकच आहे. शोधताना सगळ्या संख्या चाळू नका. ९ च्या बाकीवरून कळते की अंकांची बेरीज ५, १४, २३, ३२, ४१, ५०, ५९ किंवा ६८ च असू शकते. आठ वजाबाक्यांत काम संपते.

कापरेकर संख्येचा वर्ग करून त्याचे दोन तुकडे केले की तुकड्यांची बेरीज त्याच संख्येइतकी येते. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. आपल्या संख्येचा वर्ग १,१२,५६,२५,०४,५७,१२,८९६. उजवीकडचे आठ अंक वेगळे केले तर १,१२,५६,२५० + ४,५७,१२,८९६ = ५,६९,६९,१४६. जमले नाही.

आता हेच द्विमान पद्धतीत करा. वर्गाचे उजवीकडचे २६ द्विमान अंक तोडायचे, म्हणजे २ च्या सव्विसाव्या घाताने भागायचे. भागाकार १,६७,७३,१२० आणि बाकी १,६७,७७,२१६. बेरीज ३,३५,५०,३३६! द्विमान पद्धतीत ही कापरेकर संख्या आहे. प्रत्येक सम परिपूर्ण संख्या द्विमान पद्धतीत कापरेकर असते, हे २००० मध्ये डग्लस इयानुची यांनी सिद्ध केले. तो भागाकार १,६७,७३,१२० आणखी एका अर्थाने ओळखीचा आहे: आपल्या संख्येपेक्षा लहान आणि तिच्याशी १ खेरीज सामाईक विभाजक नसलेल्या संख्या नेमक्या तेवढ्याच आहेत.

द्विमान पद्धतीत ती कशी दिसते?

तेरा वेळा १ आणि त्यापुढे बारा वेळा ०, एकूण २५ अंक. अष्टमान पद्धतीत १७७७७००००. दशमान रूप पाठ होत नसेल तर हे लक्षात ठेवा.

तिच्या विभाजकांची मोड घेऊन कोणतीही रक्कम चुकती करता येते, हे खरे का?

खरे. तिच्यापेक्षा लहान कोणतीही संख्या तिच्या वेगवेगळ्या विभाजकांची बेरीज म्हणून लिहिता येते. आधी ८१९१ ने भागा. मग भागाकार आणि बाकी दोन्ही २ च्या घातांत फोडा. उदाहरणार्थ १,००,०००: भागाकार १२, बाकी १७०८. १२ = ८ + ४, म्हणून ६५,५२८ आणि ३२,७६४ घ्या. १७०८ = १०२४ + ५१२ + १२८ + ३२ + ८ + ४. आठ विभाजकांत लाख पुरा झाला. कोणताही विभाजक दोनदा घ्यावा लागत नाही.

सगळ्या परिपूर्ण संख्या याच साच्याच्या असतात का?

सम असतील तर हो. युक्लिडच्या रीतीबाहेर सम परिपूर्ण संख्या नाही, हे ऑयलरने अठराव्या शतकात सिद्ध केले. विषम परिपूर्ण संख्या एकही सापडलेली नाही, आणि अशी संख्या अशक्य आहे हेही कोणी सिद्ध केलेले नाही. १ वर १५०० शून्ये एवढ्या मर्यादेपर्यंत ती नाही, हे २०१२ मध्ये दाखवले गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये १३,६२,७९,८४१ हा घातांक सापडला, तेव्हा ज्ञात परिपूर्ण संख्या ५२ झाल्या.

स्प्रेडशीटमध्ये वर्गाचे शेवटचे अंक चुकतात. का?

संख्या स्वतः ३२ बिटांच्या पूर्णांकात सहज मावते, कारण तिथली मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे. वर्ग मात्र मावत नाही. ६४ बिटांचा प्रकार निवडला नाही तर प्रोग्रॅम काही न सांगता चुकीचे उत्तर देऊ शकतो. स्प्रेडशीट पंधराच सार्थ अंक दाखवते आणि हा वर्ग सोळा अंकी आहे, म्हणून शेवटचा ६ हरवतो. संख्या भरताना स्वल्पविराम घालू नका: आपला ३,३५,५०,३३६ आणि पाश्चात्त्य ३३,५५०,३३६ एकच असले तरी स्वल्पविरामाने स्तंभ तोडणाऱ्या फायलीत दोन्हींचे तुकडे होतात.

पुढची कोणती?

८,५८,९८,६९,०५६, घातांक १७. ती ३२ बिटांत मावत नाही. द्विमान कापरेकर चाचणी तिच्यावर लावली तर तुकडे ४,२९,४९,०१,७६० आणि ४,२९,४९,६७,२९६ येतात.